कोपरा राखणाऱ्या देवळास

प्रति,
संत मेरी आणि संत डेव्हिड यांचं देऊळ,
किल्पेक, हेरफर्डशर, इंग्लंड

प्रिय देवळा,

तुला चर्च न म्हणता देऊळ म्हणते, याचं नवल वाटून घेऊ नकोस. आमच्या वसईत ख्रिस्ती माणसं पिढ्यानपिढ्या चर्चला देऊळच म्हणत आली. ‘देवळात जाऊन येते,’ असं सांगून माझी आजी पहाटे घराबाहेर पडायची, ती मिस्साला. परमेश्वराला आणि आईला आपण ‘तू’ म्हणतो, मग देवळालाच परकं का करायचं? तुझं वय पावणेनऊशे वर्षांच्या घरातलं. त्या वयाचा मान राखूनही मी तुला ‘तू’च म्हणणार आहे.

गेल्या मे महिन्यात मी ब्रिस्टलला मुलीकडे होते. एका सकाळी ती मला गाडीत घालून तुझ्याकडे घेऊन आली. हेरफर्डहून ॲबरगॅव्हेनीकडे जाणारा मोठा रस्ता सोडला, अरुंद गल्लीसारख्या वाटेला लागलो, दोन्ही बाजूंना पांढऱ्या फुलांनी भरलेली कुंपणं आणि पलीकडे मेंढ्यांची कुरणं. हेरफर्डपासून जेमतेम चौदा किलोमीटर, आणि तिथून वेल्सची हद्दही जवळच. तू इतकं लहान असशील असं मला वाटलं नव्हतं. उंच मनोरा नाही, की पुढे पटांगण नाही. पश्चिमेच्या भिंतीवर घंटेपुरती एक कमान, उतरतं छप्पर, आणि गवतात तिरप्या झालेल्या थडग्यांच्या मध्ये तांबूस दगडाची तुझी ठेंगणी काया. आमच्या गावातल्या कुठल्याही माणसाने तुला पाहून पहिलं वाक्य हेच उच्चारलं असतं, की सणाच्या दिवशी एवढी माणसं मावतात कुठे?

हा प्रश्न मी पूर्वी एकदा विचारला आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाची सभा भरली होती. पॅरिशला आम्ही धर्मग्राम म्हणतो. देव आणि गाव दोन्ही त्या एका शब्दात येतात. आमचं जुनं देऊळ चुन्याच्या भिंतींचं, कौलारू, खिडक्यांना लाकडी गज असलेलं होतं. गाव वाढलं होतं, नाताळच्या रात्री निम्मी माणसं बाहेर मंडपात उभी राहत. ते पाडून मोठं बांधायचं ठरलं आणि हात वर करणाऱ्यांत मी होते. नवं देऊळ ऐसपैस झालं, पंखे आले, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचू लागला. मात्र जुन्याचं काहीच उरलं नाही. वेदीमागची लाकडी नक्षी कुठे गेली, ते कोणी विचारलं नाही. ज्या दगडी कुंडात माझा आणि माझ्या आईचा बाप्तिस्मा झाला, ते आवारात भिंतीशी ठेवलं गेलं आणि पुढे त्यात कोणीतरी शोभेची झाडं लावली. मी रोज त्यावरून जाते. ही गोष्ट तुला का सांगते आहे, ते पत्राच्या शेवटी कळेल.

तुझ्याभोवती फिरताना मी सर्वांत जास्त वेळ उभी राहिले ती तुझ्या ईशान्य कोपऱ्यापाशी, म्हणजे जिथे लोकांनी बसायचं मोठं दालन संपतं आणि पुढचा भाग अरुंद होतो तिथे. येणारे लोक तिकडे फिरकत नाहीत, कारण तिथे नक्षी नाही. पण तिथली दगडांची बांधणी बाकीच्या भिंतीहून वेगळी दिसते. ती तुझ्याही आधीच्या देवळाची आहे, नॉर्मन लोक या देशात येण्यापूर्वीची. तुला बांधणाऱ्यांनी जुनं पाडलं, नवं उभारलं, पण हा कोपरा तसाच ठेवून त्याला आपली भिंत जोडली. त्यांनी तो भक्तीने ठेवला की दगड आणि मजुरी वाचवायला, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. पण त्या एका कोपऱ्यामुळे तुझी गोष्ट ११४० च्या सुमारास सुरू होत नाही, ती त्याच्या बरीच मागे जाते.

त्या काळी हा मुलूख धड इंग्लंडचा नव्हता आणि धड वेल्सचाही नव्हता. त्याला आर्चेनफील्ड म्हणत. नॉर्मन राजा विल्यम याने १०८६ साली राज्याची मोजदाद करून घेतली, ती ‘डूम्सडे बुक’ नावाने ओळखली जाते. तिच्यात आर्चेनफील्डच्या वेल्श माणसांचे रिवाज वेगळे नोंदवलेले आहेत. त्यांतला एक मला फार आवडला. राजाचं सैन्य शत्रूवर चालून जाताना इथली माणसं सर्वांत पुढे चालायची आणि परतताना सर्वांत मागे. सरहद्दीवर राहणाऱ्याच्या वाट्याला दोन्हीकडची जोखीम येते. तुझ्या नावातला संत डेव्हिड हाही वेल्सचा थोर संत. नवे धनी आले, त्यांची भाषा फ्रेंच होती, तरी इथल्या जुन्या माणसांचा संत त्यांनी काढून टाकला नाही. नावातही त्यांनी एक कोपरा राखला.

ते नवे धनी म्हणजे विल्यम फिट्झ नॉर्मन आणि त्याचे वारस. नॉर्मनांच्या १०६६ च्या विजयानंतर ही जहागीर त्याला मिळाली. तुझ्या पश्चिमेला मातीचं जे उंच टेकाड आहे, त्यावर त्यांची गढी होती. फिट्झ नॉर्मनचा वारस ह्यू याने ११३४ साली इथलं देऊळ ग्लॉस्टरच्या संत पीटर मठाला दान दिलं. आज आपण पाहतो ते तुझं रूप त्यानंतर लवकरच, अभ्यासकांच्या मते ११४० च्या आगेमागे घडलं. तो काळ शांततेचा नव्हता. ११३५ साली पहिला हेन्री वारला, आणि त्याची मुलगी मटिल्डा व भाचा स्टीफन यांच्यात गादीसाठी जी लढाई पेटली, ती जवळजवळ वीस वर्षं चालली. हेरफर्ड शहराला वेढा पडला. अशा दिवसांत, वेढा पडलेल्या शहरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, एक पाथरवट परांचीवर बसून दगडात द्राक्षाचा वेल कोरत होता. या गोष्टीने मला कितीतरी रात्री धीर दिला आहे.

तुझी रचना एखाद्या लहान मुलालाही कळावी इतकी सरळ आहे. एकामागे एक तीन दालनं, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान: लोकांनी बसायचं मोठं दालन, मग धर्मगुरूचं, आणि शेवटी अर्धगोल गाभारा, जिथे वेदी आहे. दारातून पाऊल टाकलं की नजर आपोआप एका कमानीतून दुसऱ्या कमानीत जाते आणि पूर्वेच्या तीन लहान खिडक्यांवर स्थिरावते. कमानी सगळ्या अर्धगोल. या बांधणीला ‘रोमनेस्क’ हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी दिलं, कारण तिच्यात जुन्या रोमन कमानीची आठवण शिल्लक आहे. इंग्लंडमध्ये तिला नॉर्मनही म्हणतात.

माझे वडील गवंडी होते, म्हणून अर्धगोल कमान माझ्या ओळखीची आहे. आधी लाकडाचं सेंटरिंग उभं करायचं, त्यावर दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे घडवलेले दगड चढवत न्यायचे आणि शेवटी माथ्यावरचा दगड ठोकून बसवायचा. मग सेंटरिंग काढताना सगळे श्वास रोखून उभे राहतात. कमान उभी राहिली की ती वरचं ओझं खाली नेते, पण त्याच वेळी दोन्ही बाजूंना रेटाही देते. तो रेटा पेलायला भिंती जाड लागतात, जाड भिंतीत मोठी खिडकी काढली तर जोर कमी होतो, म्हणून खिडक्या लहान, आणि म्हणून आत हा थंडगार अंधार. तुझ्या मोठ्या दालनावर लाकडी छप्पर आहे. दगडाचा खरा घुमट फक्त गाभाऱ्यावर. तिथे नागमोडी नक्षीच्या दगडी फासळ्या भिंतींतून वर चढतात आणि मध्ये एका ठिकाणी एकमेकींना भेटतात. माझे वडील असते तर त्यांनी मान वर करून, काही न बोलता, बराच वेळ ती भेट पाहिली असती.

आता तुझ्या दक्षिणेच्या दाराबद्दल. जग तुला या दारासाठी ओळखतं. दारावरच्या अर्धगोल शिळेत एक वेल आहे, द्राक्षाच्या घोसांनी लवलेला, आणि त्याला जीवनवृक्ष म्हणतात. त्याच्याभोवती कमानीचे थर: आतल्या थरात चोचींचे, जबड्यांचे, डोळे वटारलेले प्राणी, बाहेरच्या थरात साखळीने जोडलेल्या चकत्यांमध्ये पक्षी, मासे आणि नाना श्वापदं. दोन्ही बाजूंच्या खांबांवर सर्प एकमेकांना गिळत खाली-वर जातात. डावीकडच्या आतल्या खांबावर वेलीत अडकलेले दोन सडपातळ योद्धे उभे आहेत, डोक्याला निमुळत्या टोप्या घातलेले. एका खांबाच्या शिरावर माणसाचा चेहरा आहे आणि त्याच्या तोंडातून पाला फुटतो. मी बोट न लावता अगदी जवळून पाहिलं. योद्ध्यांच्या कपड्यांवरच्या रेघा अजून मोजता येतात. तुझा तांबूस वाळूचा दगड सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी घडलेला. त्यातला चांगला, कणखर थर निवडणारा माणूसही कोरणाऱ्याइतकाच जाणता असला पाहिजे.

या दारात किती देश एकत्र आले आहेत! वेटोळे घेणारी, स्वतःलाच विळखा घालणारी श्वापदं उत्तरेकडची, स्कँडिनेव्हियातल्या लाकडी कोरीवकामातली. तुझ्या पश्चिमेकडून बाहेर डोकावणारी जीभ वळवलेली ड्रॅगनची मुंडकी पाहून तर समुद्रावरच्या लांब नावाच आठवतात. कमानीभोवती आऱ्यांसारखी मांडलेली चित्रं पश्चिम फ्रान्समधल्या देवळांची रीत सांगतात. काही वळणं इंग्लंडच्या जुन्या हस्तलिखितांतली. पाथरवटाने कुठल्याही परंपरेला तू जुनी झालीस असं म्हटलं नाही. प्रत्येकीला एकेक जागा दिली.

छपराच्या कडेखाली तुझ्या सगळ्या अंगाभोवती पुढे आलेल्या दगडी ठोकळ्यांची रांग आहे. त्यांतले पंचाऐंशी आज शिल्लक आहेत. मुलीने आणि मी मान दुखेपर्यंत ते पाहिले. एका ठोकळ्यावर कुत्रा आणि ससा गालाला गाल लावून बसले आहेत. जन्माचे वैरी, पण चेहऱ्यावर अशी काही गोडी की शाळेतल्या दोन मित्रांचा फोटो वाटावा. एकजण तंतुवाद्य वाजवतो. एक जोडपं मिठीत आहे. डुकराचं तोंड आहे, एडका आहे, आणि या सगळ्यांच्या रांगेत क्रूस घेतलेलं देवाचं कोकरूही आहे. कोकराला वेगळी, उंच जागा दिलेली नाही. गावात जसे सगळे एका ओळीत राहतात, तसंच तेही शेजारपाजाऱ्यांत बसलं आहे.

गाभाऱ्याच्या बाजूला त्या रांगेत ती बाईही आहे, जिला शीला-ना-गिग म्हणतात. मोठं डोकं, गोल डोळे, आणि दोन्ही हातांनी आपली योनी उघडून दाखवणारी. तिच्यापुढे आलेल्या माणसांनी नाना अर्थ लावले. कोणी म्हणतं, वासनेपासून सावध करण्यासाठी ती तिथे आहे. कोणी तिला प्रसवाची शक्ती मानतं, कोणी दुष्टाई पळवून लावणारी राखणदार. मला आमच्याकडची लज्जागौरी आठवली, पण दोघींच्या मध्ये कुठलाही धागा इतिहासाने दिलेला नाही, तेव्हा तो जोडायचा मोह मी आवरला. मला एवढंच जाणवलं की आठशेहून अधिक वर्षं इथल्या आयाबाया बाळांना घेऊन तिच्या आसपास वावरल्या. त्यांना तिचा अर्थ बहुधा आपल्यापेक्षा सोपा वाटत असेल. बाळंतपण पाहिलेल्या बाईला शरीर पाहून दचकायला होत नाही.

आत आल्यावर पहिल्या कमानीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन संत एकावर एक उभे आहेत, एकाच्या डोक्यावर दुसऱ्याचे पाय. एकाच्या हातात किल्ली, म्हणून तो पीटर असावा. खांबावर अशी माणसं रचायची कल्पना इंग्लंडमध्ये फार दुर्मीळ. तिचं सर्वांत प्रसिद्ध रूप स्पेनमध्ये, सान्तियागो दे कोम्पोस्तेलाच्या महामंदिराच्या दक्षिण दारावर आहे. तिथून इथे ती कशी आली? याचा दुवा तुझ्या एका भावंडाकडे जातो. तुझ्यापासून उत्तरेला शॉब्डन नावाचं गाव आहे. तिथलं देऊळ ऑलिव्हर द मर्लिमॉन्ड याने बांधून घेतलं. तो ह्यू मॉर्टिमर या सरदाराचा कारभारी होता आणि सान्तियागोची यात्रा करून आला होता. त्याच्या बरोबर पाथरवट गेला असेल किंवा वाटेत पाहिलेलं त्याने येऊन सांगितलं असेल, असं अभ्यासक मानतात. आमच्याकडे माणूस यात्रेहून तीर्थ आणि प्रसाद आणतो. या कारभाऱ्याने कमानी आणल्या.

तुझी भावंडं आणखी आहेत. अर्डिस्लीच्या बाप्तिस्माकुंडावर दोन योद्धे झुंजतात, ब्रिन्सपच्या शिळेवर संत जॉर्ज घोड्यावर आहे, कॅसल फ्रोम आणि रोल्स्टोन इथेही तोच हात किंवा त्याच्या शिष्यांचे हात दिसतात. त्या पाथरवटांपैकी एकाचंही नाव उरलेलं नाही. म्हणून सगळ्यांना मिळून ‘हेरफर्डशर घराणं’ म्हणतात. हे घराणं जगापुढे मांडण्यात जॉर्ज झार्नेत्स्की यांचा वाटा मोठा. ते पोलंडचे. दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून लढले, कैदेत गेले आणि अखेर इंग्लंडला पोचले. मग आयुष्यभर त्यांनी बाराव्या शतकातलं इंग्लंडचं शिल्प अभ्यासलं. युद्धाने आपल्या देशापासून दूर नेलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या गावातले दगड इतक्या मायेने वाचले.

आणि आता शॉब्डनचं काय झालं ते ऐक. तुला ते ठाऊक असेलच, पण आमच्या लोकांना सांगायला हवं. अठराव्या शतकाच्या मध्यात तिथल्या बेटमन घराण्याने जुनं देऊळ पाडलं आणि त्या काळच्या आवडीचं, पांढऱ्या नाजूक नक्षीचं नवं बांधलं. ते १७५६ साली पुरं झालं. जुन्या देवळाच्या कोरीव कमानी त्यांनी फेकल्या नाहीत. सुंदर आहेत हे त्यांना कळत होतं. त्यांनी त्या उचलून आपल्या बागेच्या टोकाला, टेकडीवर उभ्या केल्या, वाड्यातून पाहायला छान दिसाव्यात म्हणून. तेव्हापासून पाऊस, बर्फ आणि वारा यांनी त्या धुऊन काढल्या आहेत. आज तिथे चेहरे शोधावे लागतात. जॉर्ज रॉबर्ट लुईस नावाच्या चित्रकाराने १८५२ साली त्यांची चित्रं प्रसिद्ध केली, म्हणून निदान काय होतं ते कळतं. त्याच लुईसने दहा वर्षं आधी, १८४२ साली, तुझ्यावरही चित्रांचं पुस्तक काढलं होतं. तुझ्या दाराची नक्षी आजही त्या चित्रांशी ताडून पाहता येते. शॉब्डनची येत नाही.

शॉब्डन मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. ओल्या गवतातून टेकडी चढले, कमानींखाली उभी राहिले, आणि मला आमच्या आवारातलं बाप्तिस्माकुंड दिसलं. ठेवलेलं, पण बाहेर. जपलेलं, पण कामातून काढलेलं. कोरीव दगडाला छप्पर लागतं, हे तर झालंच. त्याला लोकांची ये-जाही लागते. रोज त्याखालून जाणारी माणसं असली, की एक कौल सरकलं तरी कोणाच्या तरी डोक्यावर थेंब पडतो आणि तो माणूस शिडी शोधतो. बागेतल्या कमानीवर पाऊस पडला तर कोणाचंच डोकं भिजत नाही.

तुझ्या आसपास जे बलवान होतं, ते सगळं गेलं. गढीत एके काळी जॉन राजा येऊन राहून गेला होता. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात ती पाडली गेली आणि आज टेकाडावर दाताच्या खुंटासारखे भिंतीचे दोन तुकडे उरलेत. ग्लॉस्टरच्या मठाने इथे लहानसा आश्रम चालवला होता, तो १४२८ साली बंद झाला. तुझ्याशेजारी तटबंदीचं गाव होतं, त्याच्या गवताखाली आता नुसते उंचवटे दिसतात. धर्माची घडीसुद्धा बदलली. १५३४ साली इंग्लंडच्या राजाने रोमशी नातं तोडलं. त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि आमच्या मुलखात तुझ्या जातीच्या देवळांची सुरुवात झाली. तू रोमचं राहिलं नाहीस आणि आम्ही रोमचे झालो. कुठे हेरफर्डशर, कुठे वसई. पण त्या एका वर्षात आपण दोघांनीही कूस बदलली.

वसईच्या किल्ल्यात आजही जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन संघांची मोठमोठी देवळं उभी आहेत, छप्पर नसलेली. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, संघांचे मठ ओस पडले आणि भिंतींतून पिंपळ उगवले. पण किल्ल्याबाहेर गावोगावी धर्मग्रामं टिकली. शेतकऱ्यांची, कोळ्यांची, केळीच्या वाडीत राबणाऱ्यांची. किल्पेकमध्ये मी तेच पाहिलं. गढी सरदाराची होती, सरदार संपला तशी ती संपली. आश्रम मठाचा होता, मठाला तो परवडेना तसा तो मिटला. तू मात्र पोरांचा बाप्तिस्मा, लग्नं आणि माती यांसाठी होतंस. या तीन गोष्टी कधी संपल्या नाहीत, म्हणून तूही राहिलंस. आणि तुला पाडून मोठं बांधावं इतका पैसा या कुरणांतल्या लोकांकडे बहुधा कधी साठला नाही, हीसुद्धा मी देवाची कृपाच समजते.

तुलाही डागडुजी लागलीच. १८४० च्या दशकात लुईस नॉकल्स कॉटिंगहॅम या वास्तुकाराने तुझं मोठं काम काढलं. हेरफर्डच्या कॅथेड्रलचं कामही त्याच्याकडेच होतं. त्याआधी आणि नंतरही कितीजणांनी तुझी कौलं बदलली, सांधे भरले, पन्हळी साफ केल्या. त्यांची नावं पाथरवटांच्या नावांसारखीच कुठे नाहीत. मी आले त्या दिवशीही एक म्हातारे गृहस्थ वेदीवरची फुलं बदलत होते. त्यांनी मला ईशान्येचा कोपरा पाहिलात का, असं विचारलं. दारापेक्षा त्यांना त्या कोपऱ्याचा अभिमान जास्त होता.

मग मी तुझ्या बाप्तिस्माकुंडापाशी गेले. भलंमोठं, गोल, जवळजवळ नक्षी नसलेलं. सगळ्या अंगावर कोरीवकाम मिरवणाऱ्या तुझ्यासारख्या देवळात ही एक वस्तू साधी. तिच्या काठावर हात ठेवला तेव्हा दगड गार होता. या दगडावर ओणवी होऊन किती आयांनी आपलं मूल पाण्यापुढे धरलं असेल! त्यांतली काही मुलं लढाईत गेली असतील, काही साथीत, पुष्कळशी म्हातारी होऊन इथेच बाहेर गवतात निजली असतील. तिथे उभी असताना माझ्या लक्षात आलं, की सत्तावीस वर्षं मी चुकीच्या गोष्टीचं ओझं वाहत होते. जुनं देऊळ पाडण्यासाठी हात वर केला, याची मला खंत वाटायची. पण तुझे बांधणारेही पाडणारेच होते. गाव वाढतं, माणसांना जागा लागते, त्यात पाप नाही. आमची चूक एवढीच, की त्यांनी कोपरा भिंतीत घेतला आणि आम्ही तो आवारात टाकला.

वसईला परतल्यावर पहिल्या रविवारी मिस्सा संपल्यावर मी धर्मगुरूंना भेटले. त्यांना तुझे फोटो दाखवले: दार, कुत्रा आणि ससा, आणि सर्वांत शेवटी तो नक्षी नसलेला कोपरा. सांगितलं, की कुंडातली झाडं दुसरीकडे लावू, दगड घासून धुऊ, आणि ते आत, दारापाशी, होतं तिथे बसवू. पाहायला नाही, बाप्तिस्म्याला. त्यांनी सभेपुढे ठेवा म्हटलं. सभा पुढच्या महिन्यात आहे. तिथे मी पुन्हा हात वर करणार आहे.

माझ्या धाकट्या भाचीला दिवस गेले आहेत. मूल डिसेंबरात होईल. तोवर गवंडी मिळाला, तर कुंड चौथऱ्यावर बसवायला दोन दिवस पुरतील. माझ्या वडिलांची ओळंब्याची दोरी अजून माझ्याकडे आहे. मी ती गवंड्याला देणार आहे.

तुझी,
वसईची एक धर्मग्रामवासी